वादळ ‘वीकन’ झालं, पाऊस नाही: एक इंग्रजी क्रियापद पायरीपायरीने

तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की एमपीएससी, इंग्रजीचा विषय आला की आपल्याकडची पोरं आधी शब्दांच्या याद्या घोकायला बसतात. डावीकडे ‘वीकन’, उजवीकडे ‘कमकुवत करणे’. झाला शब्द, पुढचा घ्या. वर्षभरात हजारेक शब्द तोंडपाठ होतात आणि मग हवामान खात्याचं दोन ओळींचं इंग्रजी बुलेटिन मोबाइलवर येतं, तेव्हा त्यातून काय घ्यायचं ते उमगत नाही.

हा लेख एकाच क्रियापदाचा आहे. जोर, ताकद, पकड, भाव, निश्चय, यातलं काहीही कमी झालं की इंग्रजीत सर्वात आधी जे क्रियापद येतं ते हे: वीकन. विदर्भातल्या खेड्यात बसून इंग्रजी वाचणाऱ्याला हा शब्द पावसाच्या बातमीत भेटतो, बाजाराच्या बातमीत भेटतो आणि प्रश्नपत्रिकेत तर भेटतोच. नुसतं ‘कमकुवत होणे’ एवढ्या भांडवलावर पहिल्या दोन ठिकाणी अर्थ हमखास घसरतो.

ज्यांचं शिक्षण गावच्या शाळेत, पूर्ण मराठीतून झालं आणि ज्यांना आता इंग्रजी वाचायची गरज पडली आहे, त्यांना समोर ठेवून लिहितो आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देतो. वही घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्य शेजारी रोमन लिपीत उतरवून काढा. स्पेलिंग हातातून गेल्याशिवाय बसत नाही.

पहिली पायरी: कान आणि हात

स्पेलिंग डब्ल्यू-ई-ए-के-ई-एन. मूळ शब्द ‘वीक’, म्हणजे अशक्त, आणि त्यात ‘ए’ आहे. आठवडा म्हणजेही ‘वीक’, पण त्यात दोन ‘ई’. उच्चार दोन्हींचा अगदी सारखा, त्यामुळे कानावर भरवसा ठेवून लिहिणारा इथे फसतो. ‘वीकनेस’ दोन ‘ई’ घालून लिहिलेलं मी पदवीधरांच्या अर्जातही पाहिलं आहे.

दुसरी गफलत भूतकाळात होते. ‘वीकन’चं भूतकाळी रूप ‘वीकन्ड’. ते घाईत म्हटलं की शनिवार-रविवारवाल्या ‘वीकेंड’सारखं ऐकू येतं. फरक ‘के’ आणि ‘क’चा आहे. ‘वीकेंड’मध्ये शेवटचा ‘एंड’ स्वच्छ ऐकू येतो, ‘वीकन्ड’मध्ये ‘क’नंतरचा स्वर जवळजवळ गिळला जातो. जोर ‘वी’वर.

रूपं सोपी आहेत: वीकन, वीकन्स, वीकन्ड, वीकनिंग. कुठेही ‘एन’ दोनदा येत नाही. ‘बिगिन’चं ‘बिगिनिंग’ करताना ‘एन’ दुप्पट होतो, कारण तिथे जोर शेवटच्या ‘गिन’वर असतो. इथे जोर सुरुवातीला, म्हणून एकच.

दुसरी पायरी: शब्द बनला कसा

‘वीक’ला ‘एन’ (ई-एन ही दोन अक्षरं) जोडला आणि विशेषणाचं क्रियापद झालं. हा कारखाना एकदा समजला की वीसेक शब्द फुकटात मिळतात. सॉफ्टपासून सॉफन, हार्डपासून हार्डन, डीपपासून डीपन, वाइडपासून वाइडन, शार्पपासून शार्पन, थिकपासून थिकन, लूजपासून लूसन, फ्रेशपासून फ्रेशन, ब्लॅकपासून ब्लॅकन. सॉफनमध्ये ‘टी’ लिहायचा आणि म्हणायचा नाही, तेवढं लक्षात ठेवा.

मग ‘स्लोअन’ का नाही? ‘ड्रायन’, ‘क्लीनन’, ‘वॉर्मन’ का नाही? यामागे एक नियम आहे आणि तो याद्यांमध्ये सहसा सापडत नाही. हा ‘एन’ साधारणपणे अशाच विशेषणांना चिकटतो ज्यांच्या शेवटी क, ट, ड, प, फ, स, श यांसारखा, तोंडात हवा अडवणारा किंवा घासणारा आवाज असतो. शेवटी स्वर असेल, किंवा न, म, ल, र असेल, तर तो चिकटत नाही. त्या शब्दांचं काम मूळ रूपातच भागतं: स्लो हेच क्रियापद, ड्राय हेच, क्लीन, वॉर्म, कूल, काम (म्हणजे शांत), क्लिअर, थिन हेही तसेच.

आता ‘वीकन’चा विरुद्धार्थी शब्द घ्या. ‘स्ट्राँग’च्या शेवटी नाकातला आवाज आहे, म्हणून ‘स्ट्राँगन’ होत नाही. इंग्रजीने वळसा घेतला, ‘स्ट्रेंग्थ’ या नामाला ‘एन’ लावला आणि ‘स्ट्रेंग्थन’ तयार झालं. ‘लाँग’चंही तसंच, ‘लेंग्थ’वरून ‘लेंग्थन’. परीक्षेत वीकनचा विरुद्धार्थी विचारला तर पहिला पर्याय स्ट्रेंग्थन.

एक सावधगिरी. शेवटी ‘एन’ दिसला म्हणून प्रत्येक शब्द या घराण्यातला नसतो. लिसन आणि हॅपन असे विशेषणापासून झालेले नाहीत. त्याहून घातक म्हणजे ब्रोकन, स्पोकन, रिटन. यांच्यातला ‘एन’ तिसऱ्या रूपाचा आहे, आणि आपल्याकडची सर्वात मोठी चूक तिथूनच येते. ‘वॉज ब्रोकन’ बरोबर असतं म्हणून पोरगं ‘वॉज वीकन’ लिहून मोकळं होतं. ‘वीकन’ हे पहिलं रूप आहे. ‘वॉज’नंतर तिसरं हवं: ‘वॉज वीकन्ड’. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात हे वाक्य आलं तर दोन सेकंदांत सापडलं पाहिजे.

तिसरी पायरी: झालं की केलं?

मराठीत ‘भिंत कमकुवत झाली’ आणि ‘ओलीने भिंत कमकुवत केली’ यांत क्रियापद बदलतं, होणे आणि करणे. इंग्रजीत दोन्ही कामं एकच ‘वीकन’ करतं. ‘द वॉल वीकन्ड’ म्हणजे झाली. ‘डॅम्प वीकन्ड द वॉल’ म्हणजे ओलीने केली. केंब्रिजच्या शब्दकोशात या क्रियापदाशेजारी ‘आय ऑर टी’ अशी खूण असते. आय म्हणजे अकर्मक, टी म्हणजे सकर्मक. हा कोश मोबाइलवर फुकट पाहता येतो. अर्थ पाहण्याआधी ही खूण पाहायची सवय लावून घ्या, अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

वाचताना करायचं एवढंच: ‘वीकन’ दिसलं की त्याच्या पुढे बघा. पुढे लगेच एखादी वस्तू किंवा नाम आहे? मग ‘करणे’. पुढे पूर्णविराम, ‘इंटू’, ‘अगेन्स्ट’ किंवा ‘ग्रॅज्युअली’सारखं काही आहे? मग ‘होणे’. ‘वॉज’ किंवा ‘हॅज बीन’ लागलेलं ‘वीकन्ड’ आलं तर कोणीतरी किंवा कशाने तरी केलेलं आहे, आणि तो गुन्हेगार बहुतेक वेळा ‘बाय’नंतर सापडतो.

उदाहरणं आपल्याच मातीतली घेऊ. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. दरवर्षीच्या या ओढाताणीने पाया हलतो आणि भिंतींना तिरप्या चिरा पडतात. इंग्रजीत: ‘ब्लॅक कॉटन सॉइल वीकन्स द फाउंडेशन’. सवयीची, दरवर्षी घडणारी गोष्ट आहे म्हणून साधा वर्तमानकाळ आणि ‘वीकन्स’. उधईने पोखरलेल्या मयालीबद्दल म्हणायचं तर ‘द बीम हॅज बीन वीकन्ड बाय टर्माइट्स’. इथे परिणाम आज समोर दिसतो आहे म्हणून ‘हॅज बीन’. पुराच्या पाण्यात उभा राहिलेला पूल असेल तर ‘द फ्लड वीकन्ड द ब्रिज’, एकदा घडून गेलं, विषय संपला.

‘केलं’ या बाजूचं माझं आवडतं उदाहरण पोलिओच्या डोसाचं आहे. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जे दोन थेंब पाजले जायचे त्यात जिवंत विषाणूच असतो, फक्त मुद्दाम निर्बल केलेला. इंग्रजी मजकुरात त्याला ‘अ वीकन्ड व्हायरस’ म्हणतात. शरीराला शत्रूची ओळख पटावी, पण शत्रूच्या अंगात रोग द्यायची ताकद राहू नये, असा तो हिशेब. बीसीजीची लसही याच जातीची, तिथे विषाणूऐवजी जिवाणू. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा ‘वीकन’ म्हटलं की काहीतरी वाईट घडलं, असं धरून चालू नका.

चौथी पायरी: नेमका कशाचा जोर कमी झाला?

इथे थोडं थांबायचं आहे, कारण या पायरीवरची चूक परीक्षेतल्या गुणांपुरती राहत नाही, वावरापर्यंत जाते.

सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलेलं असतं. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार झाल्याच्या बातम्या येत असतात. अशात गावच्या ग्रुपवर बुलेटिन पडतं आणि त्यात या धाटणीचं वाक्य असतं: ‘द डिप्रेशन मूव्ड वेस्ट-नॉर्थवेस्टवर्ड्स अँड वीकन्ड इंटू अ वेल मार्क्ड लो प्रेशर एरिया’. पारावर बसलेले काकाजी शिकलेल्या पुतण्याला विचारतात, “काय म्हन्ते रे ते?” पुतण्या सांगतो, “वादळ वीकन झालं म्हन्ते काकाजी, कमजोर पडलं.” “मंग काढू काय उद्या सोयाबीन?” आणि पुतण्या मान डोलावतो.

पुतण्याने शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला, तरी सल्ला चुकला. हवामान खातं अशा प्रणालीचा जोर मोजतं तो वाऱ्याच्या वेगावरून. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा म्हणजे डिप्रेशन. ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. ६२ च्या पुढे गेलं की चक्रीवादळ, म्हणजे सायक्लोनिक स्टॉर्म, आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. ३१ च्या खाली आलं की साधं किंवा ठळक कमी दाबाचं क्षेत्र. ‘वीकन्ड इंटू’ म्हणजे प्रणाली या जिन्यावरून एक-दोन पायऱ्या खाली उतरली. पावसाबद्दल त्या शब्दाने काहीच सांगितलेलं नाही. पावसाची माहिती बुलेटिनच्या पुढच्या परिच्छेदात, जिल्ह्यांच्या आणि तारखांच्या तक्त्यात असते. ती वेगळी वाचावी लागते.

२०२१ चं गुलाब चक्रीवादळ आठवा. २६ सप्टेंबरला ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर आलं की वादळाचा समुद्रातून मिळणारा उबदार बाष्पाचा खुराक तुटतो आणि डोंगर-झाडी-जमिनीच्या घर्षणाने वारा मंदावतो. त्याप्रमाणे गुलाब आधी डीप डिप्रेशन झालं, मग डिप्रेशन, आणि तेलंगणावरून आपल्याकडे सरकलं. प्रत्येक बुलेटिनमध्ये ‘वीकन्ड’ होतंच. २८ सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली आणि माणसं गेली, ती याच दिवसांच्या पावसात. वादळ तेव्हा कागदावर चक्रीवादळही राहिलेलं नव्हतं. मराठवाड्याने त्या दोन दिवसांत काय सोसलं ते वेगळं सांगायला नको.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्या वादळाचा उरलेला भाग अरबी समुद्रात उतरला, तिथल्या गरम पाण्यावर पुन्हा बाळसं धरलं आणि शाहीन या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर गेला. इंग्रजी बातम्यांत या उरलेल्या भागाला ‘रेम्नंट’ म्हणतात आणि पुन्हा जोर धरण्याला ‘इंटेन्सिफाय’. हवामानात वीकनच्या समोर उभा राहणारा शब्द बहुधा हाच असतो. स्ट्रेंग्थन कमी वेळा दिसतं.

मग संपलं कधी म्हणायचं? त्यासाठी हवामान खात्याचे शब्दच निराळे आहेत. नकाशावर प्रणाली ओळखू येईनाशी झाली की ते लिहितात ‘हॅज बिकम लेस मार्क्ड’. ‘वीकन’ आणि ‘लेस मार्क्ड’ या दोन शब्दांतला फरक ज्याला कळला त्याला बुलेटिन वाचता यायला लागलं असं समजायला हरकत नाही.

मान्सूनचं ‘वीक’ हे आणखी तिसरं प्रकरण. तिथे माप पावसाचं आहे. एखाद्या उपविभागात त्या दिवशीचा पाऊस सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पडला तर ‘मान्सून वॉज वीक ओव्हर विदर्भ’ असं येतं. म्हणजे डिप्रेशनला लावलेलं ‘वीकन’ वाऱ्याचं आणि मान्सूनला लावलेलं ‘वीक’ पावसाचं. खातं एक, मापं दोन.

पाचवी पायरी: आकडा वाढतो आणि वीकनही होतो

बाजाराच्या पानावर ‘द रुपी वीकन्ड अगेन्स्ट द डॉलर’ हे वाक्य सारखं येतं. ‘अगेन्स्ट’ म्हणजे इथे ‘च्या तुलनेत’, ‘विरोधात’ असा अर्थ घेऊ नका. एक डॉलर घ्यायला किती रुपये मोजावे लागतात तो आकडा बातमीत असतो. जुलै २०२२ मध्ये हा आकडा पहिल्यांदा ८० च्या पुढे गेला, डिसेंबर २०२४ मध्ये ८५ च्या पुढे. आकडा चढला, म्हणजे रुपया उतरला. पोरांचा गोंधळ इथेच होतो: ८० चे ८५ झाले तर ‘वाढला’ नको का म्हणायला? वाढला तो डॉलर.

कापूस पिकवणाऱ्या घरात या वाक्याला दोन तोंडं आहेत. रुपया उतरला की आपली गाठ परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडते, निर्यातीला हात मिळतो. त्याच वेळी बाहेरून येणारं खत आणि डिझेलचं कच्चं तेल महाग होतं. कोणत्या बाजूने बघायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. कापसाच्या भावाबद्दल मात्र लिहिताना ‘कॉटन प्रायसेस फेल’ (‘फॉल’चा भूतकाळ, नापासवाला ‘फेल’ नाही) हेच बरं. ‘प्रायसेस वीकन्ड’ असंही छापून येतं आणि त्याचा अर्थ ‘भाव जरा नरमले’ असा असतो. पडझड झाली असेल तर तो शब्द पुरा पडत नाही.

अल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बहुधा घटवणाऱ्या घटनेच्या, बातमीत तर ‘वीकन’ चक्क आनंदाचा शब्द ठरतो. २०२३ च्या पावसाळ्यात अल निनोचा जोर होता आणि तो ऑगस्ट देशासाठी १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. २०२४ च्या उन्हाळ्यात ‘अल निनो इज वीकनिंग’ अशा बातम्या यायला लागल्या आणि त्या वर्षी पावसाळा देशभरात सरासरीपेक्षा बरा झाला. कमजोर कोण पडतंय हे आधी बघा, मग तोंड पाडायचं की पेढे वाटायचे ते ठरवा.

सहावी पायरी: कुठे वापरू नये

मराठीत जोर कमी होण्याला किती तरी क्रियापदं आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पूर ओसरतो, ताप उतरतो, वारा पडतो, माणूस खंगतो, हिंमत खचते, अवसान गळतं, उत्साह मावळतो, रोप मान टाकतं. या सगळ्यांना एकच ‘वीकन’ लावणारा इंग्रजी लिहितो खरा, पण ते वाचवत नाही. इंग्रजीतही जागा ठरलेल्या आहेत. पुराला आणि पाण्याला ‘रिसीड’. तापाला ‘कम डाउन’. वाऱ्याला ‘डाय डाउन’. रस असण्याला, लोकप्रियतेला, चंद्राला ‘वेन’. आवाजाला आणि रंगाला ‘फेड’. मोबाइलच्या बॅटरीला ‘रन डाउन’ किंवा ‘ड्रेन’. चहा पातळ झाला तर तो ‘वीक टी’ असतो, ‘वीकन्ड टी’ कधीच नसतो.

पिकाचं तर अगदी वेगळं आहे. पऱ्हाटीने दुपारी मान टाकली तर क्रियापद ‘विल्ट’. बराच खंड पडून एकदम मोठा पाऊस झाला की कपाशीची झाडं अचानक मलूल होऊन वाळायला लागतात. कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात त्याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात, इंग्रजीत ‘पॅराविल्ट’. तुरीवरची मर बुरशीमुळे येते, पण तीही ‘विल्ट’च. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा हळूहळू, वर्षानुवर्षं खालावत जातात, पानं विरळ होतात, फळ बारीक पडतं. त्याला ‘सिट्रस डिक्लाइन’. एकाच जिल्ह्यात दोन झाडं मरणाच्या वाटेवर, आणि इंग्रजीने वेग पाहून क्रियापद बदललं आहे: झटपट मान टाकणाऱ्याला विल्ट, सावकाश खालावणाऱ्याला डिक्लाइन. ‘द प्लँट वीकन्ड’ चूक नाही, पण त्यावरून कृषी सहायकाला फवारणी सांगायची की आळवणी, काही कळणार नाही.

माणसाच्या शरीराबद्दल बोलताना आपल्याकडे ‘वीकनेस’ हा शब्द मराठीच झालेला आहे. “लय वीकनेस आला डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या,” हे कुठल्याही ग्रामीण दवाखान्यात ऐका. इंग्रजीत ‘आय ॲम वीकन’ म्हणत नाहीत. ‘आय फील वीक’ म्हणतात. लिहिताना ‘वीकन्ड बाय इलनेस’ चालतं. पण नागपूरला मोठ्या दवाखान्यात इंग्रजी बोलणारे डॉक्टर भेटले तर जरा जपून. वैद्यकात ‘वीकनेस’ म्हणजे स्नायूंची ताकद जाणं, उदाहरणार्थ हात उचलला न जाणं. नुसता थकवा असेल, अंगात जीव नाही असं वाटत असेल, तर ‘फटीग’ किंवा ‘टायर्डनेस’ म्हणा. नाहीतर डॉक्टर हातपाय तपासत बसतील आणि तुम्ही म्हणाल, याले काय झालं बाप्पा.

‘वीकनेस’चा एक उलटा अर्थही आहे. ‘ही हॅज अ वीकनेस फॉर पुरणपोळी’ म्हणजे पुरणपोळी दिसली की गड्याचा निर्धार संपला. तेच क्रियापदात: ‘शी वीकन्ड’ म्हणजे नाही-नाही म्हणता म्हणता ती पाघळली, होकार दिला. मन ढिलं पडणं या अर्थाने वीकन पुढे काहीही न जोडता एकटं वापरता येतं. कथा-कादंबऱ्यांत हा अर्थ फार भेटतो आणि ‘ती अशक्त झाली’ असं भाषांतर करणारे काही कमी नाहीत.

सातवी पायरी: परीक्षेतले भाऊबंद

समानार्थी शब्दांची लांब यादी देत नाही, ती कुठल्याही गाईडमध्ये मिळते. चारच शब्द घेतो, ज्यांत गोम आहे.

‘एनर्वेट’. ऐकायला ‘एनर्जी’सारखा, म्हणून निम्मे जण ‘उत्साह देणे’ असा अर्थ सांगतात. अर्थ नेमका उलटा, त्राण काढून घेणे. लॅटिनमध्ये ‘नर्वस’ म्हणजे स्नायूबंध, आणि सुरुवातीचं ‘ई’ हे अक्षर म्हणजे बाहेर काढणे. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हाला हाच शब्द शोभतो: ‘एनर्वेटिंग हीट’. पेपर काढणाऱ्यांचा हा लाडका शब्द आहे.

‘अंडरमाइन’ आणि ‘सॅप’. दोन्ही जुन्या लढाईतून आलेले. किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग खणायचा तो ‘माइन’, तटापर्यंत पोचायला चर खणत जायचं ते ‘सॅप’. म्हणून दोन्हींत लपूनछपून, खालून, हळूहळू असा भाव आहे. मराठीत याला चपखल शब्द ‘पोखरणे’. मघाशी मयाल उधईने पोखरली, तिथे ‘वीकन’ वापरलं, कारण ते लाकूड होतं. सरपंचाचा अधिकार, कुणाचा आत्मविश्वास, लोकांचा भरवसा पोखरला जात असेल तर ‘अंडरमाइन’ जास्त बोलतं.

‘डायल्यूट’. दुधात पाणी घालणं ते हेच, आणि कायद्याची धार बोथट करणं तेही हेच. ‘द अमेंडमेंट डायल्यूट्स द ॲक्ट’ अशी वाक्यं संपादकीयात येतात. दुरुस्तीने कायदा मोडला असं त्यात म्हटलेलं नसतं, कायदा पातळ केला असं म्हटलेलं असतं.

आठवी पायरी: आठवडाभर हे करा

रोज एक इंग्रजी बातमी उघडा, शोधचौकटीत वीकनचं स्पेलिंग टाका आणि जे वाक्य मिळेल ते वहीत उतरवा. खाली तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहा: झालं की केलं, कशाचा जोर, आणि कोणत्या मापाने. मग त्या वाक्याचं मराठी करा, पण ‘कमकुवत’ हा शब्द न वापरता. ही अट जाच वाटेल. तिच्यामुळेच ओसरणे, नरमणे, खचणे, पोखरणे, मंदावणे यांतून निवड करावी लागते, आणि निवड करायची तर अर्थ कळल्याशिवाय गत्यंतर नसतं.

सरावासाठी पाच वाक्यं देतो. ‘द सायक्लोन इज लाइकली टु वीकन ग्रॅज्युअली’. ‘रिपीटेड फ्लडिंग हॅज वीकन्ड द एम्बँकमेंट’. ‘हिज फादर रिफ्यूज्ड अ मोटरसायकल फॉर मंथ्स बट फायनली वीकन्ड’. ‘द विटनेसेस स्टेटमेंट वीकन्स द केस’. ‘द वीकन्ड सिस्टीम मे स्टिल ब्रिंग हेवी रेन ओव्हर विदर्भ’.

पहिल्यात पुढे कर्म नाही, म्हणून होणे: वादळाचा जोर हळूहळू ओसरण्याची शक्यता. दुसऱ्यात पुराने केलं: वारंवारच्या पुराने बांध खचत आला आहे. तिसऱ्यात बाप आजारी पडलेला नाही, महिनोनमहिने नाही म्हणून शेवटी पाघळला, गाडी आली. चौथ्यात साक्षीदाराच्या जबाबाने खटल्यातली हवा गेली. पाचव्यात ‘वीकन्ड’ विशेषणाच्या जागी आहे, आणि वाक्याचा सगळा भार ‘स्टिल’वर: जोर ओसरलेली ही प्रणाली अजूनही विदर्भात मुसळधार पाऊस देऊ शकते. हे वाक्य ज्या दिवशी ग्रुपवर येईल त्या दिवशी काकाजींना सांगा, सोयाबीनची सुडी ताडपत्रीखाली झाकून ठेवा आणि नाल्याच्या पलीकडच्या वावरात जाऊ नका.